एकादशीला लाइट जात नाही

"ताई, एक सांगू? एकादशीला आमच्याकडची लाइट जात नाही."

मी दोरीवरची चादर ओढत होते, ती हातात तशीच राहिली. नंदुरबारवाल्या वहिनी तशा भाविक, पण विजेला उपास घडवण्याइतक्या असतील असं वाटलं नव्हतं.

आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. खाऱ्या वाऱ्याने तिचं प्लास्टर जागोजागी उडालंय आणि वरची कड आमच्या कोपरांनी गुळगुळीत झालीय. तिच्यावरून विरजण जातं, कढीपत्ता येतो, चंदी पडव्याला घारी जाते आणि श्रावणात माझी पातोळी जाते. मी चिपळूणची. वहिनींना पातोळीतली हळदीच्या पानाची चव अजून पटलेली नाही, आणि मला त्यांची कळण्याची भाकरी इतकी पटली की आता आमच्या ह्यांनाही ज्वारी-उडदाशिवाय जेवण गोड लागत नाही.

"एकादशीलाच नाही," वहिनी म्हणाल्या, "शनिवारीसुद्धा जात नाही. शनिवार मारुतीचा."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"दिवसाआड. संध्याकाळी साडेसात-पावणेआठ झाले की मागच्या दोन खोल्या आणि व्हरांडा, सगळा अंधार. पुढची खोली, स्वयंपाकघर शाबूत. एमसीबी पडलेला असतो. मी तो वर करते, पाच मिनिटांनी पुन्हा पडतो. पोरगा असा ओरडतो, जणू त्याच्या वरातीतला घोडा उधळला."

मूळ दुखणं पोराच्या त्या कॉम्प्युटरचं, हे ओळीतल्या आठही घरांनी ठरवून टाकलेलं होतं. धाकटे चिरंजीव सुरतेला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आजोबांनी दिलेले पैसे, उन्हाळ्यातल्या कामाचे पैसे आणि आईच्या भिशीचे पैसे एकत्र करून त्याने महिन्यापूर्वी गेमिंगचा कॉम्प्युटर जोडला. अभ्यासासाठी. पेटीची एक बाजू काचेची आणि आत रंग बदलणारे पंखे. आमच्या गणपतीच्या मखराला एवढी रोषणाई कधी झाली नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणे आरटीएक्स ४०९०, कुणा सीनियरने वापरलेलं. वहिनींना त्यातलं एकच कळलं होतं आणि त्यांनी ते सगळ्या ओळीला सांगितलं होतं: "हजार वॅटचा आहे. म्हणजे इस्त्री दिवसभर चालू ठेवल्यासारखं, माय वं!"

समोरच्या भाभींनी पहिल्याच दिवशी उपाय सांगितला होता. "एमां शुं, मोटी स्विच नाखी दो ने!" आणि वहिनींनी बोलावलेला वायरमनही तेच म्हणाला. दहाचा आहे म्हणून पडतो, बत्तीसचा टाकून देतो, परत तक्रार येणार नाही. पैसेही फार मागत नव्हता.

हे ऐकलं आणि इतका वेळ झोपाळ्यावर पेपरमागे असलेले आमचे हे पेपर खाली ठेवून भिंतीशी आले. चाळीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढल्यावर माणसाला घरातल्या बायकोची हाक एका कानाने ऐकू येते, पण 'बत्तीसचा एमसीबी' दोन्ही कानांनी.

"बसवला का त्याने?"

"नाही अजून दादा. उद्या येतो म्हणालाय."

"येऊ देऊ नका. एमसीबी कॉम्प्युटरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. तुमच्या मागच्या खोल्यांत दीड एमएमची वायर आहे. तिला बत्तीसचा एमसीबी म्हणजे दीड किलो उचलणाऱ्या पोराच्या डोक्यावर पोतं ठेवायचं आणि त्याने 'आई गं' म्हणू नये म्हणून तोंड बांधायचं. लाइट जाणार नाही हे खरंय. वायर जाईल. भिंतीच्या आत, तुम्ही झोपलेले असताना."

वहिनींनी कपाळावरचा घाम पदराने टिपला. त्यांची बहीण सुरतेत सरथाण्याच्या बाजूला राहते. २४ मे २०१९ ला तिथल्या तक्षशिला आर्केडच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली, २२ जीव गेले, बहुतेक शिकायला आलेली मुलं. शॉर्टसर्किट हा शब्द तेव्हापासून सुरतेतल्या आयांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत, मीही नाही. मी चादरीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

मग ह्यांनी विचारलं, "एकादशीचं काय म्हणत होता?"

वहिनी आत जाऊन कालनिर्णय घेऊन आल्या. दुधाचे टिंब, गॅसच्या सिलेंडरची तारीख, भिशीचा गोल आणि या सगळ्यांच्या मधून एमसीबी पडल्याच्या लाल फुल्या. हिशेबाला ही बाई कारखान्याच्या स्टोअरकीपरला ऐकणार नाही. फुल्या खरोखरच दिवसाआड होत्या. दोन्ही एकादश्या कोऱ्या. शनिवार सगळे कोरे. आणि मधे एक अख्खा आठवडा कोरा.

"हा आठवडा?"

"पोरगा नंदुरबारला गेला होता. चुलत बहिणीचं लग्न."

"बघा!" मी म्हटलं. "कॉम्प्युटरच तो."

"थांब गं," हे म्हणाले. मला असं थांबवलेलं आवडत नाही, पण भिंतीवर भांडायचं नाही असा आमचा नियम आहे. "कॉम्प्युटरच असता तर रोज फुली असती. शनिवारी तर तो पहाटेपर्यंत खेळतो, खिडकीतून जांभळा-हिरवा उजेड आमच्या भिंतीवर नाचत असतो. मग शनिवारी का नाही?"

पोराला बोलावलं. तो आला तो 'मावशी, मी काही केलं नाही' असं म्हणतच आला. कार्ड किती वॅटचं, प्रोसेसर कुठला, ह्यांनी सगळं विचारून घेतलं आणि कालनिर्णयच्या कडेला पेन्सिलीने आकडे मांडले. कार्डाचे ४५०. आय-नाइन प्रोसेसर फार जोरात पळाला तर २५३. पंखे, मेमरी, बोर्ड धरून आठशेच्या आसपास. वर सप्लायमध्ये जाणारी थोडी गळती आणि दोन स्क्रीन.

"फार फार तर साडेनऊशे. तेही कधीतरी. एरवी खेळताना पाच-सहाशे."

"पण हजारचा सप्लाय आहे ना!" वहिनींना हा हजार सोडवत नव्हता.

"वहिनी, तुमच्याकडे दहा लिटरचं पातेलं आहे म्हणून रोज दहा लिटर दूध तापवता का? हजार म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकेल ते. ओढायचा तेवढाच ओढतो."

पोराने आईकडे असं पाहिलं की महिन्याचे सगळे टोमणे तिला व्याजासकट परत मिळाले. साडेनऊशे वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे चार अँपिअरच्या वर थोडंसं. लहान प्लग सहा अँपिअरचा, त्यातून १३८० वॅटपर्यंत निघतात. एकटा कॉम्प्युटर त्यात आरामात बसतो.

मला यावरून अमेरिकेत एडिसनला राहणारी भाची आठवली आणि मी मध्ये तोंड घातलंच. तिच्या मुलाचाही असाच कॉम्प्युटर. तिकडे भिंतीत १२० व्होल्ट, खोलीला पंधरा अँपिअरचा ब्रेकर, आणि सतत चालणारी वस्तू त्याच्या ऐंशी टक्क्यांवर नेऊ नये असा त्यांचा दंडक. म्हणजे १४४० वॅटला खेळ खल्लास. मुलाच्या खोलीत कुणी केस वाळवायचं यंत्र लावलं की स्क्रीन काळा. न्यू जर्सीत बसून ती मला विचारते, मावशी, तुमच्याकडे गावात तरी लाइट असते का? म्हटलं, बाई, आमच्या कवासला ६५६ मेगावॅटचं गॅसवरचं वीजकेंद्र आहे, वर काकरापारला अणुभट्ट्या आहेत, आणि आमच्या प्लगात तुमच्या दुप्पट व्होल्ट आहेत. तेवढ्याच वॅटला आमच्या वायरीतून निम्माच करंट जातो. हे वाक्य ह्यांचंच, पण ते समोर उभे होते म्हणून मी नाव घेतलं नाही.

"साडेसातला घरात आणखी काय चालू असतं?" ह्यांनी विचारलं.

वहिनी बोटं मोजायला लागल्या. मुलीचा शाळेचा ड्रेस आणि त्यांच्या ह्यांचा कारखान्याचा शर्ट, इस्त्री. मागच्या खोलीतच, टेबल तिथे आहे म्हणून. रोज? रोज. शनिवारी नाही, दुसऱ्या दिवशी सुट्टी.

हे हसले. मग मीच विचारलं, कारण बाईच्या घरातलं बाईलाच ठाऊक असतं, "आणि दळण?"

इथे गुजरातेत घरघंटी नसलेलं घर म्हणजे देवघर नसलेल्या घरासारखं. वहिनींची एक अश्वशक्तीची, मागच्या व्हरांड्यात, चाकांवर. कळण्याचं पीठ शिळं झालं की भाकरीला चिरा जातात म्हणून दिवसाआड थोडंथोडं ताजं दळायचं. धान्य टाकायचं, बटण दाबायचं आणि स्वयंपाकघरात निघून यायचं. एकादशीला घरात साबुदाणा नि भगर, म्हणून दळण नाही.

वहिनींनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

पेन्सिलीने आकडे पुढे गेले. कॉम्प्युटर चार. इस्त्री हजार वॅटची, चार आणि थोडी. घरघंटी चालताना सहाच्या आसपास, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. बेरीज साडेचौदाच्या घरात, आणि तिन्ही एकाच दहाच्या एमसीबीवर. कारण घर बांधताना मागच्या खोल्यांत फार तर टेबलफॅन आणि रेडिओ येईल असं बिल्डरने धरलेलं. शनिवारी इस्त्री नाही म्हणून दहावर भागतं. एकादशीला घरघंटी नाही म्हणून आठावर भागतं. पोरगा लग्नाला गेला तेव्हाही दहावर भागलं. तिघं एकत्र आले तरच पडतो.

"पण पडायचं तर लगेच पडावं ना," वहिनी म्हणाल्या. "वीस मिनिटांनी का? त्या वीस मिनिटांमुळेच तर माझं घरघंटीवर लक्ष गेलं नाही."

हा प्रश्न ह्यांना इतका आवडला की त्यांनी चहा मागितला. एमसीबीच्या पोटात दोन पहारेकरी असतात, ते म्हणाले. एक दोन धातूंची पट्टी. करंट जास्त झाला की ती तापते, तापली की वाकते, आणि पुरेशी वाकली की खटका सुटतो. दहाच्या एमसीबीवर अकरा अँपिअर गेले तर ती तासभरही सोसेल. साडेचौदा गेले तर मात्र तासाच्या आत पडलंच पाहिजे, असा नियमच आहे. तुमची एमसीबीची डबी स्वयंपाकघरात गॅसच्या वर, तिथे ती आधीच तापलेली, म्हणून वीस मिनिटांत. दुसरा पहारेकरी म्हणजे कॉइल. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, करंट एकदम कित्येक पटीत धावला, की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडते. पट्टी आमच्या ह्यांच्यासारखी आणि कॉइल माझ्यासारखी, असं मी म्हणणार होते. वहिनी म्हणाल्या त्याआधीच. आणि पडल्यावर लगेच वर केला की पट्टी गरमच असते, म्हणून पाच मिनिटांत पुन्हा पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे टेस्टर आणि पक्कड घेऊन भिंतीला वळसा घालून तिकडे गेले. मेन बंद करून मागच्या खोलीचा बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू अर्धा वळणभर ढिला, तांब्यावर हिरवट काळी खपली आणि भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं. आमच्याकडे समुद्र इतका जवळ की खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, मग स्क्रूचं काय. ही गोष्ट एमसीबीला दिसत नाही. करंट तेवढाच असतो, पण ढिल्या सांध्यात सगळी उष्णता एका टाचणीएवढ्या जागेत साठते. आणि करंट दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. बत्तीसचा टाकला असता तर आग लागायची ती इथेच, गादीपासून हातभर अंतरावर. मागच्या गल्लीत एका घरात एसीचा प्लग असाच सॉकेटात वितळून बसला होता. शेवटी वायरी तोडून काढावा लागला. पण लोक त्याचं खापर एसीच्या कंपनीवर फोडून मोकळे झाले.

व्हरांड्यात आणखी एक प्रताप निघाला. घरघंटीला मोठी पिन, व्हरांड्यात सॉकेट लहान, म्हणून वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर लावलेला. ह्यांनी तो खिशात घातला आणि परत दिला नाही.

पोराच्या टेबलाखालून एक यूपीएसही निघाला. ६०० व्हीएचा. लाइट गेली तरी खेळ तुटू नये म्हणून त्याने तो आणला होता, आणि लाइट जाताच तो अशी बोंब ठोकायचा की भाभींचा कुत्रा त्याला साथ द्यायचा, आणि दोन सेकंदांत दोघंही गप्प. कारण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाहीत. त्याच्या मागेच बारीक अक्षरात ३६० वॅट छापलेलं. खेळ ऐन रंगात असताना एकट्या कार्डाची भूक त्याहून मोठी. पोराने ते वाचलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला! मी भिंतीच्या अलीकडूनच 'अरेरे' म्हटलं.

मग हे बिल मागून बसले. घराचा मंजूर लोड तीन किलोवॅट. त्यात दीड टनाचा एसी, दोन हजार वॅटचा गिझर, आता हा कॉम्प्युटर. लोड वाढवण्याचा अर्ज भरायचा ठरला. पोराच्या नावावर किती बिल येतं, हा वहिनींचा खरा प्रश्न होता. सातशे वॅट धरा, रोज सहा तास, म्हणजे चार युनिटच्या थोडं वर, महिन्याला सव्वाशे युनिट. युनिटमागे सात रुपये धरले तर पावणेनऊशेच्या आसपास. शिवाय ते सातशे वॅट शेवटी उष्णताच होऊन खोलीत सांडतात, म्हणून एसी जास्त चालतो. ती वीज वेगळी. वहिनींनी तेवढ्यातच पोराचा महिन्याचा खर्च बसवला आणि पॉकेटमनीतून किती कापायचे तो आकडा कालनिर्णयवर लिहिला. पोरगा म्हणाला, "काका, समोरच्या कारखान्याची भट्टी एक टन पोलाद वितळवायला चार-पाचशे युनिट खाते, तिला कुणी काही बोलत नाही." हे म्हणाले, "ती टनभर पोलाद देते. तू काय देतोस?" पण खूश झाले होते. भट्टीचा आकडा पोराला माहीत होता म्हणून.

वायरमन दुसरा आणला. त्याने पोराच्या खोलीत डबीपासून थेट वेगळी लाइन ओढली. अडीच एमएमची वायर, नवीन अर्थ, स्वतःचा सोळाचा एमसीबी आणि टेबलाशेजारी सोळा अँपिअरचा एक ठसठशीत पॉइंट. मागच्या खोलीतले सांधे कापून नव्याने आवळले. दहाचा एमसीबी दहाचाच राहिला. भाभी येऊन बघून गेल्या आणि 'आटलो बधो खर्चो?' म्हणून गेल्या. आठवड्याने त्यांनीही त्याच वायरमनचा नंबर मागितला, आणि तो का मागितला हे त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांच्याकडे आता संध्याकाळी मिक्सर आणि इस्त्री एकाच वेळी चालत नाहीत, हे आम्हाला भिंतीवरून ऐकू येतं.

काल संध्याकाळी मी कढीपत्ता द्यायला भिंतीशी गेले तर पोरगा व्हरांड्याच्या पायरीवर हेडफोन गळ्यात घालून बसलेला. मागून घरघर ऐकू येत होती, पण व्हरांड्यात घरघंटी नव्हती.

"काय रे, खेळ नाही आज?"

"मावशी, काकांनी कन्व्हर्टर नेला ना. आता मोठ्या पिनेचा चांगला पॉइंट घरात एकच." त्याने अंगठ्याने मागे, स्वतःच्या खोलीकडे दाखवलं. "आईने चाकांवरून ढकलत आत नेली. माझा प्लग काढून."

आतून वहिनींचा आवाज आला, की काचेच्या पेटीवर पीठ उडतंय, तिच्यावर जुनी साडी टाक.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"दोन किलो," तो म्हणाला. "आणि त्यातलं एक तुमचं आहे."